मिरचीचे बी आणि मालकीचा प्रश्न



परसातल्या मिरचीचे बी पुढील वर्षासाठी राखून ठेवणे हा विषय राजकीय कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात यावा, याचे अनेकांना नवल वाटेल. ते काम घरातल्या वृद्ध स्त्रियांचे, फार तर बागकामाची हौस असलेल्या निवृत्त माणसांचे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु शेतीच्या अर्थव्यवस्थेत मालकीचा प्रश्न जितक्या लहान जागेत आणि जितक्या स्पष्टपणे बियाण्यात दिसतो तितका तो अन्यत्र क्वचितच दिसतो. जमीन, पाणी, पतपुरवठा आणि बाजारभाव यांवर पुरोगामी चळवळींनी पुष्कळ विचार केला. बियाण्याकडे मात्र खताच्या पोत्यासारखी विकत घ्यावयाची एक वस्तू एवढ्याच दृष्टीने पाहिले गेले. वास्तविक पाहता बियाणे ही तशी वस्तू नव्हेच.

अर्थशास्त्राच्या भाषेत उपभोग्य वस्तू आणि उत्पादनाचे साधन असे दोन वर्ग केले जातात. बी हे एकाच वेळी दोन्ही आहे. खाल्ले तर ते अन्न, पेरले तर ते साधन. शिवाय हे असे साधन आहे की जे वापरल्याने झिजत नाही, उलट वाढते. नांगराचा फाळ झिजतो, मोटारपंप जुना होतो. मिरचीच्या एका झाडाला पन्नास फळे पिकली आणि प्रत्येकात पन्नास बिया निघाल्या असे धरले, तर एका बीपासून एका हंगामात अडीच हजार बिया होतात. एका ग्रॅममध्ये साधारण दीडशे ते दोनशे बिया बसतात. म्हणजे त्या एका झाडाचे बी बारा ते सोळा ग्रॅम भरते. हेक्टरी लागवडीस सुमारे एक ते सव्वा किलो बी पुरते. दोन-दोन फुटांवर लावलेल्या एका हेक्टरात सत्तावीस हजारांच्या आसपास झाडे असतात, आणि त्यांतील निवडक शंभरेक झाडे राखली तर पुढील वर्षाच्या हेक्टराचे बी घरीच तयार होते. ज्या वस्तूचे उत्पादन तिचा ग्राहकच स्वतः इतक्या सहजपणे करू शकतो, त्या वस्तूच्या विक्रीवर नफ्याची इमारत उभी करणे अवघड असते. ही निसर्गाने घातलेली अडचण दूर करण्याचा प्रयत्न हाच गेल्या शंभर वर्षांतील बियाणे उद्योगाच्या इतिहासाचा मुख्य धागा होय.

ती दोन मार्गांनी दूर करण्यात आली. एक मार्ग जीवशास्त्राचा, दुसरा कायद्याचा.

जीवशास्त्राचा मार्ग म्हणजे संकरित बियाणे. दोन भिन्न शुद्ध वाणांचा संकर केला असता पहिल्या पिढीतील झाडे एकसारखी व बहुधा जोमदार निघतात. पण त्या झाडांचे बी धरून पेरले की दुसऱ्या पिढीत गुण विखुरतात. एक झाड आजीवर, दुसरे आजोबावर, तिसरे कोणावरच नाही. मेंडेलने १८६६ साली वाटाण्याच्या प्रयोगांतून मांडलेला हा नियम मिरचीलाही तसाच लागू पडतो. बियाणे कंपनीने त्यात काही फसवणूक केलेली असते असे नव्हे. पण परिणाम असा होतो की शेतकऱ्याला दरवर्षी दुकानात जावे लागते. १९२६ साली अमेरिकेत हेन्री वॉलेस यांनी संकरित मक्याच्या बियाण्याची कंपनी काढली, आणि बियाणे हा दरवर्षी विकला जाणारा माल होण्याची तेथून खरी सुरुवात झाली.

कायद्याचा मार्ग म्हणजे वाणावरील मालकी हक्क. १९६१ साली युरोपातील काही देशांनी नव्या वाणांच्या संरक्षणाचा करार केला. १९९१ च्या सुधारणेने त्याचा फास आवळला, आणि संरक्षित वाणाचे बी घरी राखणे ही शेतकऱ्याची स्वाभाविक मोकळीक न राहता सरकारच्या मर्जीवरील सवलत झाली. १९९५ साली जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली, तेव्हा तिच्या बौद्धिक संपदाविषयक कराराने प्रत्येक सभासद देशावर वाणांना पेटंट किंवा अन्य परिणामकारक संरक्षण देण्याचे बंधन घातले. भारताने युरोपीय नमुना जसाच्या तसा उचलला नाही, ही शेतकरी संघटना, शास्त्रज्ञ आणि लोकचळवळी यांनी त्या काळात केलेल्या आग्रहाची कमाई आहे. २००१ सालच्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याच्या ३९ व्या कलमाने संरक्षित वाणाचेही बी राखण्याचा, पेरण्याचा, पुन्हा पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा आणि विकण्याचा हक्क शेतकऱ्याला दिला. त्याने ते नाममुद्रेच्या पाकिटात घालून विकू नये एवढीच अट आहे. याच कलमात आणखी एक तरतूद आहे. नोंदणीकृत वाणाचे बी विकणाऱ्याने त्या वाणाकडून अपेक्षित असलेले उत्पादन शेतकऱ्यास सांगितले पाहिजे, आणि सांगितल्याप्रमाणे पीक आले नाही तर शेतकरी भरपाई मागू शकतो.

हा हक्क कागदावर आहे एवढ्यावर समाधान मानता येत नाही. २०१९ साली गुजरातमधील काही बटाटा उत्पादकांवर एका बहुराष्ट्रीय कंपनीने आपला नोंदणीकृत वाण विनापरवाना पिकविल्याबद्दल कोट्यवधी रुपयांच्या भरपाईचे दावे लावले होते. देशभर निषेध झाल्यावर ते दावे मागे घेण्यात आले. शेतकऱ्यांना वाचविले ते त्याच ३९ व्या कलमाच्या आधाराने उभ्या राहिलेल्या संघटित लोकमताने. जो हक्क वापरला जात नाही तो हक्क विधेयकाच्या पुढील मसुद्यात एखाद्या उपकलमाने निघून गेला तरी कोणाच्या लक्षात येत नाही. बी राखण्याची सवय आणि बी राखण्याचा हक्क यांचा संबंध असा आहे.

मिरचीचेच उदाहरण घेण्यास आणखी एक कारण आहे. मिरची ही मूळची येथील नव्हे. तिचे माहेर मध्य व दक्षिण अमेरिका. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली. तोपर्यंत येथील स्वयंपाकाला तिखटपणा मिळे तो मिरी, पिंपळी आणि आले यांपासून, आणि मिरचीचे नावही मिरीवरूनच पडले. अवघ्या चारशे-साडेचारशे वर्षांत या परक्या रोपाचे किती देशी अवतार झाले हे पाहण्यासारखे आहे. नागपूर जिल्ह्यातील भिवापुरी, गडहिंग्लज-संकेश्वर पट्ट्यातील संकेश्वरी, हावेरी जिल्ह्यातील रंगाला गडद आणि तिखटाला सौम्य अशी सुरकुतलेली ब्याडगी, गोव्यात काणकोण तालुक्याच्या डोंगरउतारावरील खोला, आणि घरोघरची लवंगी. यांपैकी एकही मिरची प्रयोगशाळेत जन्मलेली नाही. त्या त्या मातीत, त्या त्या पावसात, कोणत्या झाडाची फळे बियाण्यासाठी ठेवावयाची याचा निर्णय दरवर्षी कोणीतरी घेत गेले, आणि त्या निर्णयांची बेरीज म्हणजे हे वाण. निर्णय घेणाऱ्यांत स्त्रियांचा वाटा मोठा होता. त्या श्रमाची मजुरी कोणी दिली नाही, त्यांची नावे कोठे नोंदली गेली नाहीत. आज त्यांतील काही मिरच्यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ब्याडगीला २०११ साली व खोल्याला २०१९ साली ते मिळाले. नावाला संरक्षण मिळाले हे चांगलेच झाले. पण नाव टिकले आणि शुद्ध बी राहिले नाही, तर ते मानांकन केवळ वेष्टनावरचे चित्र ठरेल.

आता प्रत्यक्ष बी राखावयाचे कसे, हे नीट समजून घेतले पाहिजे. कारण उत्साहाच्या भरात केलेले अर्धवट काम लोकांचा विश्वास घालविते.

पहिली गोष्ट, बी कोणत्या मिरचीचे धरावयाचे. बाजारातून आणलेली मोठी ढोबळी मिरची चिरून तिचे बी पेरले तर रोपे उगवतील, फळेही येतील, पण ती त्या ढोबळीसारखी येतील याची खात्री नाही, कारण तो बहुधा संकरित वाण असतो. बी धरण्यास योग्य ते गावरान वाण आणि सरकारी संशोधन संस्थांनी व कृषी विद्यापीठांनी काढलेले सुधारित सरळ वाण. दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेची पुसा ज्वाला, राहुरी विद्यापीठाची फुले ज्योती, दापोली विद्यापीठाची कोकण कीर्ती ही अशा सरळ वाणांची उदाहरणे होत. काळजी घेतली तर त्यांचे बी पिढ्यानुपिढ्या खरे उतरते.

दुसरी गोष्ट, भेसळ टाळणे. मिरचीचे फूल स्वतःच्या परागाने फळ धरू शकते, पण मधमाश्या आणि इतर कीटक शेजारच्या झाडाचा परागही त्यावर आणून टाकतात. म्हणून प्रमाणित बियाण्याच्या शेतासाठी दोन वाणांत दोनशे मीटर आणि पायाभूत बियाण्यासाठी चारशे मीटर अंतर राखण्याचा सरकारी दंडक आहे. परसात इतके अंतर कोठून आणावयाचे? तेथे उपाय सोपा आहे. कळ्या उमलण्यापूर्वीच फांदीला पातळ मलमलीची पिशवी बांधावी, फुले आल्यावर फांदी हलकेच हालवावी, फळ धरले की पिशवी काढून देठाला रंगीत दोरा बांधून ठेवावा. एक गैरसमज येथे दूर केला पाहिजे. ढोबळीशेजारी लवंगी लावल्याने ढोबळी तिखट होते असे म्हणतात, ते खरे नाही. त्या वर्षीचे फळ आईसारखेच येते. परिणाम होतो तो त्या फळातील बीमध्ये, आणि तो दिसतो पुढील वर्षी. तिखटपणा हा प्रभावी गुण असल्याने भेसळ झालेल्या बीचे झाड तिखट निघते.

तिसरी गोष्ट, निवड. निवड फळाची नव्हे, झाडाची करावयाची. एखाद्या रोगट झाडावर एखादे फळ मोठे लागले म्हणून त्याचे बी धरू नये. बोकड्याने पाने आकसलेली, फळकुजीचे काळे डाग पडलेली झाडे वगळावीत. फळकुजीची बुरशी बियांतूनही पुढे जाते. वाढ, फळांची संख्या, रंग आणि तिखटपणा यांत वाणाशी जुळणारी निरोगी झाडे आधीच हेरून त्यांना खूण करावी. एकाच झाडावर विसंबू नये, निदान आठ-दहा झाडांचे बी एकत्र करावे. बाहेरून सारखी दिसणारी झाडेही आतून थोडी निरनिराळी असतात, आणि तो निराळेपणा अवर्षणात वा रोगराईत उपयोगी पडतो.

चौथी गोष्ट, फळ झाडावरच पुरते लाल होऊ द्यावे. हिरव्या मिरचीतील बी कोवळे असते. पिकलेली फळे सावलीत सुकवावीत, मग चिरून बी अलग करावे. तिखटपणा बीमध्ये नसून बी ज्याला चिकटलेले असते त्या आतील पांढऱ्या शिरांत असतो, तेव्हा हाताला तेल लावून किंवा हातमोजे घालून हे काम करावे, म्हणजे नंतर डोळे चोळण्याचा पश्चात्ताप होत नाही. काळपट, चिमलेले बी काढून टाकावे. उरलेले फिकट पिवळे बी सावलीत, वाऱ्यावर, कागदावर पसरून वाळवावे. कडक उन्हात तापवू नये. दुमडताना न वाकता कट्कन मोडले की बी वाळले असे समजावे.

पाचवी गोष्ट, साठवण. बियाण्याचे शत्रू दोन, ओल आणि उष्णता. हॅरिंग्टन या शास्त्रज्ञाने सांगितलेला ढोबळ नियम असा की बीमधील ओलावा एक टक्क्याने कमी केला की त्याचे आयुष्य दुप्पट होते, आणि साठवणीचे तापमान पाच अंशांनी कमी केले तरीही दुप्पट होते. आजीबाईंच्या मडक्यातील चाळलेली कोरडी राख हेच काम करीत असे, ती ओल शोषून घेई. घट्ट झाकणाची काचेची बाटली, तिच्यात राखेची पुरचुंडी, वर वाणाचे नाव, गाव आणि साल लिहिलेली चिठ्ठी, आणि घरातील थंड, अंधारा कोपरा एवढी सामग्री पुरते. अशा रीतीने ठेवलेले मिरचीचे बी दोन-तीन वर्षे चांगले उगवते. पेरणीपूर्वी शंभर बिया ओल्या फडक्यात गुंडाळून दोन आठवड्यांत किती उगवल्या ते मोजावे. प्रमाणित बियाण्याला साठ टक्के उगवण आवश्यक मानतात. घरच्या बीला त्याहून हलकी कसोटी लावण्याचे कारण नाही.

ही झाली रीत. आता दोन आक्षेपांचा विचार करावयास हवा, कारण ते खोटे नाहीत.

पहिला आक्षेप असा की संकरित बियाण्याने उत्पादन वाढले, ते टाकून गावरानकडे परत जा असे सांगणे म्हणजे शेतकऱ्याला दारिद्र्याकडे परत पाठविणे होय. पाण्याची सोय असलेला आणि बाजारासाठी मिरची पिकविणारा शेतकरी संकरित बी घेतो तो हिशेब करूनच घेतो, आणि त्या हिशेबाची थट्टा करण्याचा अधिकार पगारदाराला वा पेन्शनदाराला नाही. प्रश्न संकर हवा की नको हा नाही. प्रश्न निवडीचा आहे. तालुक्याच्या दुकानात सरळ वाणाचे बी मिळेनासे झाले आणि घरातूनही ते गेले, तर शेतकऱ्यापुढे निवडच उरत नाही. ज्या बाजारात एकच दार उघडे असते त्याला मोकळा बाजार म्हणत नाहीत. १९६३ साली राष्ट्रीय बीज निगम आणि १९७६ साली अकोल्याचे महाबीज स्थापन झाले ते हे दुसरे दार उघडे राहावे म्हणूनच. ते उघडे आहे की नाही हे पाहणे हे लोकप्रतिनिधींचे काम, आणि त्यांना ते विचारणे हे कार्यकर्त्यांचे.

एकाच वाणावर विसंबण्याची किंमत काय असते हेही इतिहासाने दाखविले आहे. अमेरिकेत मक्याचे तुरे खुडण्याची मजुरी वाचावी म्हणून एकाच प्रकारची नरवंध्यता बहुतेक सर्व संकरित वाणांत घालण्यात आली होती. १९७० साली नेमक्या त्याच गुणावर एक करपा तुटून पडला, आणि एका हंगामात देशातील सुमारे पंधरा टक्के मका गेला.

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे, आणि तो डाव्या बाजूने येतो. ज्याला जमीनच नाही त्याने बी राखून काय करावयाचे? शिवाय जुना काळ काही सुवर्णयुग नव्हता. घरचे बी राखणारा तो जुना शेतकरी दुष्काळात बियाणेही खाऊन टाकी, आणि पेरणीच्या वेळी सावकाराच्या दारात उभा राही. सावकार एक मण देई आणि सुगीला सवाईने किंवा दिढीने परत घेई. बियाणे हे त्या काळी गुलामगिरीचे साधन होते. हे सारे खरे आहे, आणि म्हणूनच बी राखणे हा एकट्यादुकट्याच्या सद्गुणाचा प्रश्न होऊ शकत नाही.

येथे त्या जुन्या सवाईचाच हिशेब उलटा मांडता येतो. गावाच्या सामाईक बीज-पेढीतून कुटुंबाने मूठभर बी न्यावे आणि हंगामाअखेर दीडपट वा दुप्पट परत करावे, हा नियम सावकाराच्या नियमासारखाच दिसतो. फरक आहे तो वाढावा कोठे जातो यात. सावकाराकडे गेलेली वाढ त्याची सत्ता वाढविते. सामाईक पेढीत जमा झालेली वाढ पुढील वर्षी आणखी एका कुटुंबाला बी देते, आणि ज्याचे पीक बुडाले त्याला परतफेडीची सूट देता येते. हिशेब तोच, मालकी निराळी. समाजवादाचा पहिला धडा देण्यास याहून सोपे उदाहरण मिळणार नाही. भूमिहीनाच्या प्रश्नाचे हे उत्तर नव्हे, ते जमीनवाटपातच आहे. पण झोपडीच्या दारातील दोन डब्यांत आणि शाळेच्या कुंपणालगतच्या वाफ्यातही मिरची येते, आणि पेढीचे सभासदत्व सातबाऱ्यावर अवलंबून ठेवण्याचे कारण नाही.

हे केवळ स्वप्नरंजन नाही. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे या आदिवासी शेतकरी बाईंनी शाळेचे तोंड न पाहता शेकडो गावरान वाणांचे बी जमविले, वाढविले आणि बायकांच्या गटांतून वाटले. २०२० सालच्या पद्मश्रीने देशाने त्या कामाची दखल घेतली. आता गावोगावी त्या कामाची पुनरावृत्ती व्हावयास हवी. केवळ सत्कार करून भागणार नाही.

शासनाच्या भांडारात बी सुरक्षित आहे, मग घरोघर कशाला, असेही विचारले जाते. त्याला निकोलाय वाव्हिलॉव्ह यांचे चरित्र हे उत्तर आहे. जगभर हिंडून या रशियन शास्त्रज्ञाने लेनिनग्राडला बियाण्यांचा अजोड संग्रह उभारला. मिरचीचे मूळस्थान मेक्सिको-मध्य अमेरिकेत दाखविणाऱ्यांतही ते होते. १९४० साली त्यांच्याच सरकारने त्यांना अटक केली आणि १९४३ साली सारातोवच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. त्याच काळात वेढलेल्या लेनिनग्राडमध्ये त्यांचे काही सहकारी धान्याच्या पिशव्यांशेजारी उपासमारीने मेले, पण संग्रहातील दाण्याला त्यांनी हात लावला नाही. समाजवादाचे नाव घेणाऱ्यांनी या दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात ठेवल्या पाहिजेत. सार्वजनिक भांडार अत्यावश्यक आहे. पण सत्तेच्या लहरीपासून आणि वेढ्यांपासून बी वाचवावयाचे, तर ते एका जागी नव्हे, हजारो हातांत असले पाहिजे.

कार्यकर्त्यांसमोरील काम त्यामुळे स्पष्ट आहे. प्रत्येक शाखेने आपल्या गावात कोणत्या घरी कोणत्या मिरचीचे, वांग्याचे, वालाचे बी आहे याची यादी करावी. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीने ठेवावयाच्या लोकजैवविविधता नोंदवहीत ती नोंदवून घ्यावी. कृषी विद्यापीठांकडे सरळ वाणांच्या मूलभूत बियाण्याची मागणी लेखी करावी. दुकानातील बी न उगवल्यास पावती, पाकीट आणि नमुना जपून तक्रार कशी करावयाची हे शिकावे व शिकवावे. २०२५ च्या अखेरीस केंद्र सरकारने नव्या बियाणे विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला. त्यात शेतकऱ्याने घरचे बी राखण्याची मोकळीक मान्य केलेली होती. अशा प्रत्येक मसुद्यातील ते वाक्य अंतिम कायद्यापर्यंत पोहोचते की नाही यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावयास हवे.

आणि हे सारे बोलण्याचा अधिकार मिळविण्यासाठी प्रत्येकाने निदान एक तरी बाटली भरावी. खरिपाची मिरची लाल होऊ लागली की झाडांना दोरे बांधावेत, थंडीत बी काढून वाळवावे, मे महिन्यात उगवण तपासावी आणि पहिल्या पावसाच्या सुमारास रोपे तयार ठेवावीत. त्यांतील निम्मी शेजाऱ्याला द्यावीत, आणि देताना पुढील वर्षी त्याने काय परत करावयाचे तेही सांगावे.